सात नंबर तंबूतला कागद

मुंबई, १४ जानेवारी १९८६

प्रिय भागूताई,
जयभीम.

तिळगूळ पाठवायला उशीर झाला, पण बातमी ताजी आहे म्हणून आधी पत्रच पाठवतो.

'सात नंबर तंबू' ही मालिका संपून दोन महिने झाले, तरी अजून माणसं विचारतात की कॅप्टन रायजादाचं पुढे काय झालं. लढाई संपली, दवाखान्याचा तंबू गुंडाळला, मग तो गेला कुठे? आमच्या निर्मात्यांनी या प्रश्नातूनच नवी मालिका काढली आहे. रायजादाने वर्दी उतरवली, केस पिकले, आणि आता तो शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रुजू होतो. नाव 'डॉक्टर रायजादा'. दर गुरुवारी, सव्वीस भाग, तंबूसारखीच हिंदीत आणि देशभर. तंबूतली फक्त दोन माणसं पुढे येतात, डॉक्टर आणि सिस्टर मारिया. लेखक मीच.

मारिया कोण आहे ते तुला ठाऊक आहे. एकाहत्तरच्या लढाईत तू सीमेजवळच्या तंबूत जे पाहिलंस ते मला सांगितलं नसतंस, तर तुझा हा मावसभाऊ अजून जाहिरातीच खरडत बसला असता. तंबू तू दिलास, आता वॉर्ड दे. सकाळी राउंडला कोण पुढे चालतं, कोण मागे? सिस्टर चिडली की काय बोलते? नातेवाईक कशावरून भांडतात? सगळं लिही, कितीही लांब होऊ दे.

मावशीला नमस्कार. तिला टीव्हीचा आवाज पुरतो ना?

तुझा,
मधू

---

नागपूर, २६ जानेवारी १९८६

चि. मधुकर,
अनेक आशीर्वाद.

आईला आवाज पुरतो, पण तिला हिंदी पुरत नाही. तरी तंबू चालू होता तेव्हा दर गुरुवारी हॉस्टेलच्या हॉलमध्ये सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसायची आणि शिकाऊ पोरींना सांगायची, 'हे माह्या बहिणीच्या पोरानं लिहिलं होय.' क्वार्टर हॉस्टेलच्या मागेच असल्याने तिला तेवढं चालणं जमतं.

आता तुझ्या चुका. तुझी मारिया इंजेक्शन देताना सिरिंजमधली हवा काढत नाही. तिच्या टोपीतून केसांची बट बाहेर येते. आमच्या मेट्रनने पाहिली तर जागच्या जागी घरी पाठवील. आणि लढाईच्या तंबूत लिपस्टिक कुठून आली रे?

वॉर्डाचं ऐक. राउंडला पुढे मोठे डॉक्टर, मागे छोटे, त्यांच्या मागे आम्ही. पण पेशंटला रात्री झोप लागली का, हे विचारायची वेळ आली की सगळे मागे वळून आमच्याकडे पाहतात. नातेवाईक डब्यावरून भांडतात. माणूस ऑपरेशनला आत गेला की बाहेर हटकून वाद सुरू होतो की भाजीत तेल कोणी जास्त घातलं. भीती अशी बाहेर येते. दरवाजावर आमचा धोंडबा असतो. तो भांडणाऱ्यांना काही बोलत नाही, नुसता पाण्याचा ग्लास देतो. पाणी पिताना माणसाला भांडता येत नाही, असं त्याचं म्हणणं. हे घाल तुझ्या मालिकेत.

एक गोष्ट मात्र घालायची नाही. बाबा गेले त्या वर्षी तू आला होतास, तेव्हा स्वयंपाकघरात बसून मी तुला काटोलकडच्या त्या जवानाची, देवरावची, गोष्ट सांगितली होती. ती मी भावाला सांगितली होती, लेखकाला नाही. आईलासुद्धा ती माहीत नाही. तंबूत तू ती वापरली नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. इथेही वापरू नकोस. बाकी सगळं तुझंच.

भागीरथा

---

मुंबई, ८ फेब्रुवारी १९८६

प्रिय भागूताई,

धोंडबाचा ग्लास पहिल्याच भागात येतोय! दिग्दर्शक इतके खूश झाले की त्यासाठी त्यांनी एक जुना नट खास बोलावला. मारियाची टोपी आता डोक्यावर घट्ट बसवली आहे. लिपस्टिक काही माझ्या हातात नाही. मारिया करणाऱ्या आमच्या बाईंपुढे बोलायची कोणाची छाती नाही.

थोडी माहिती हवी होती. ऑपरेशनआधी संमतीचा जो कागद असतो, त्यावर कोणाकोणाच्या सह्या लागतात? पेशंटला सही येत नसेल तर अंगठ्याला साक्षीदार लागतो का? तो कागद नंतर कुठे जातो?

तू बाकीचं जे लिहिलंस ते सगळं लक्षात आहे.

घाईत,
मधू

---

(पोस्टकार्ड)
नागपूर, १७ फेब्रुवारी १९८६

चि. मधुकर, पेशंटची सही, नाही तर त्याच्या जवळच्याची. अंगठा असला तर साक्षीदार लागतो. कागद केसपेपरला लावून रेकॉर्डमध्ये जातो. पण कागदाचं काहून विचारून राहिला तू? लगेच कळव. — भागीरथा

---

नागपूर, ११ एप्रिल १९८६

मधुकर,

कळवलं नाहीस. काल कळलं.

हॉलमध्ये तीस पोरी होत्या, मेट्रन होत्या, आई पुढच्या खुर्चीत होती. पडद्यावर मुंग्या येत होत्या म्हणून एक पोरगी गच्चीवर अँटेना धरून उभी होती. आणि तुझ्या डॉक्टर रायजादापुढे एक लंगडा माणूस येऊन उभा राहिला. ओरडून म्हणाला, 'तंबूत मला विचारल्याशिवाय माझा पाय कोणी कापायला लावला? माझा अंगठा कोणी उठवला?' मग कॅमेरा हळूच मारियाच्या तोंडाजवळ गेला.

माझ्या शेजारी गोपिका बसली होती, दुसऱ्या वर्षाची, फार हुशार पोरगी. ती म्हणाली, 'अशा सिस्टरले तर जेलातच टाकलं पाहिजे, नाही वं बाई?' मी म्हटलं, 'हाव.'

खरं काय झालं ते तू विसरलास असं दिसतं, म्हणून पुन्हा लिहिते.

देवराव बावीस वर्षांचा होता. सुरुंगाने पाऊल गेलेलं. दोन दिवसांनी आमच्यापर्यंत पोचला तेव्हा विष पिंढरीच्या वर चढलं होतं. वासावरूनच कळलं. त्या तंबूत सगळ्या देशातली माणसं होती, पण आमच्या बोलीत बोलणारा तो एकटा. माझं बोलणं ऐकून त्याने माझा हात धरला. म्हणाला, 'बाई, तुम्ही नागपूरच्या. तुम्ही त्याईले माहा पाय कापू देऊ नका.' मी म्हटलं, 'नाही कापू देणार.' रडणाऱ्या पोराला म्हणतात ना, तसं म्हटलं. त्याने ते खरं धरलं.

आमचे सर्जन कॅप्टन म्हणाले, 'तो जागा असताना नाही म्हणालाय. कागदावर घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही. समजव त्याला, नाही तर पुढचा जखमी आण.' पुढे रांग लागलेली. मी परत गेले तोवर तो तापात बुडाला होता, समजवायचं कोणाला? कारकुनाच्या टेबलावर शाईची गादी होती. मी त्याचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. कॅप्टनना जाऊन सांगितलं, 'दिला.'

तो जगला हे मला माहीत आहे. शुद्धीवर यायच्या आत त्याला मागच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्याचं तोंड मला पुन्हा पाहावं लागलं नाही, आणि त्याचं मला तेव्हा बरं वाटलं, हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

माझे बाबा मिलमध्ये पगाराच्या रजिस्टरवर अंगठा लावायचे. छप्पन साली धम्म घेतला त्याच महिन्यात त्यांनी माझ्या पाटीवर सही गिरवायला घेतली. मी अकरा वर्षांची होते. पहिल्यांदा सही करून आले तेव्हा म्हणाले, 'भागू, आपल्या घरातला अंगठा संपला. आता कोनी आपला हात धरून काही करून घेणार नाही.' त्यांच्या पोरीने एका आजारी माणसाचा हात धरून तेच केलं. काटोल इथून बसने दोन तासांवर आहे. चौदा वर्षांत मी त्या गाडीत पाय ठेवलेला नाही. मामेबहिणीचं लग्न काटोलला होतं, तर ड्युटी मागून घेतली.

हे सगळं तुला माहीत होतं. तरी तू ते मुंग्यांच्या पडद्यावर टाकलंस.

आता मला पत्र लिहू नकोस.

भागीरथा

---

मुंबई, १६ एप्रिल १९८६

भागूताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी हे एक पत्र लिहितो. वाचायचं की फाडायचं ते तू ठरव.

तुला जानेवारीत पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या आधीच, डिसेंबरात, मी निर्मात्यांना कथांची यादी दिली होती. देवरावची गोष्ट त्या यादीत पहिली होती. तिच्यावरच मालिका मंजूर झाली. तुझं 'वापरू नकोस' आलं तेव्हा मी खोलीत एकटा बसलो होतो. त्याच दिवशी उठून ती गोष्ट काढून घ्यायला हवी होती. नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. मी तसं केलं नाही. उलट तुलाच कागदाची माहिती विचारली. म्हणजे चोरी केली आणि कुलूप कसं उघडतं तेही घरमालकालाच विचारलं.

या गोष्टीचा दुसरा भाग उद्या आहे. त्यात मारियाला नोकरीवरून काढतात. ती टोपी टेबलावर ठेवते आणि गेटमधून बाहेर जाते, रायजादा खिडकीतून पाहत राहतो. टेप दिल्लीला गेली आहे, माझ्या हातात काही नाही. हे पत्र पोचेल तोवर तो होऊनही गेला असेल; तू हॉलमध्ये गेली नसशील एवढीच आशा.

मला क्षमा कर असंही लिहवत नाही. तुझी इच्छा झाली तर कधीतरी दोन ओळी लिही. मी वाट पाहीन.

मधू

---

नागपूर, ५ मे १९८६

चि. मधुकर,

मी लिहिणार नव्हते. पण जे घडलं ते सांगायला ही गोष्ट आधीपासून माहीत असलेलं माणूस हवं, आणि असा तू एकटाच आहेस. म्हणून राग बाजूला ठेवून लिहिते. संपला असं समजू नकोस.

शुक्रवारी दुपारी धोंडबा वॉर्डात आला. म्हणाला, 'सिस्टर, एक माणूस तुमाले विचारून राहिला. एक पाय लाकडी आहे. नाव देवराव सांगते, काटोलहून आला म्हणते.'

मी धोंडबाला म्हटलं, सांग सिस्टर सुट्टीवर आहेत. आणि चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. घडी घातलेल्या चादरी मोडायच्या, पुन्हा घालायच्या, असं किती वेळ चाललं कोण जाणे. मनात एकच होतं की तो टीव्ही पाहून आलाय. आता मेट्रनकडे जाईल, मग पोलिसांत जाईल, आणि जायलाच पाहिजे त्याने. तेवढ्यात धोंडबाने दार वाजवलं. 'तो जात नाही बाई. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसतो म्हणते. मी पाणी देलं, तर पिऊन पुन्हा तिथंच बसला.'

मग मी गेले. पायऱ्यांच्या सावलीला बसला होता. केस पांढरे व्हायला लागलेत. काठीला टेकून उठायला लागला, मी म्हटलं बसा.

'ओळखलं काय जी, बाई?'

'ओळखलं.'

'तुमची नोकरी आहे ना?'

मला कळेचना. 'म्हणजे?'

'नाही, टीव्हीत त्या सिस्टरले काढून टाकलं ना,' तो म्हणाला. 'आमच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आहे. मी पाहून राहिलो होतो. माणसं म्हणे, हे तर नाटक होय. मी म्हटलं, काहीचं नाटक, हे तर माहंच होय! घरी गेलो तर बायको म्हणे, त्या बाईले खरंच काढलं असन तर? जा, पाहून या, आन साहेबाले सांगून या का तुमची काही तक्रार नाही. मले तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. दोन दिवस झाले, एकेका दवाखान्यात विचारून राहिलो, मिलिटरीतून आलेली सिस्टर आहे काय म्हणून.'

मधू, मी त्याच्याच पायरीवर बसले. विचारलं, 'तुम्हाला माहीत होतं?'

'बहात्तरमध्येच माहीत झालं. पाय गेला म्हणून मिलिटरीतून काढायचं होतं, तर तीन साहेबांपुढं उभं केलं. एक साहेब कागद पुढं करून म्हणे, देवराव, तुझी सगळीकडं सही आहे, इथंच अंगठा कसा? मी सातवी पास आहो बाई. सही लय सुरेख येते मले. तो अंगठा पाहिला आन सगळं समजलं. कोनं केलं तेही समजलं. खाली साक्षीदार म्हणून सिस्टरची सही होती; नाव लागलं नाही, पण माह्याजवळ सिस्टर तुम्हीच होत्या.'

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. अंगठा घेताना त्याला सही येत असेल असं मला वाटलंच नाही. बाबांची पोर मी, आणि समोरच्याला अडाणी धरून बसले.

'मग सांगितलं का नाही तुम्ही?'

'सांगणारच होतो. राग होता ना. तोंडात आलं होतं. पण माह्यासंगं एक पोरगा होता त्या तंबूत, पलीकडच्या खाटेवर. त्याचा हात सडला होता. त्यानंही नाही म्हटलं होतं. त्याचं कोनी काही कापलं नाही. मले हलवायच्या आधीच गेला तो, मागून समजलं मले. पुढं त्याचा बाप मोठ्या दवाखान्यात पोराले शोधत आला होता. मी त्या बापाले पाहिलं होतं. साहेबानं कागद पुढं केला तवा तो बाप डोळ्यापुढं आला. म्हटलं, हाताले पट्टी होती साहेब, सही होत नव्हती. साहेब म्हणे, मग हा तुझाच होय? म्हटलं, अंगठा तर माहाच होय साहेब.'

हे सांगून तो हसला. खरंच हसला, मधू. मला रडू कोसळलं.

मी म्हटलं, 'पण मी तुम्हाला शब्द दिला होता. कापू देणार नाही म्हणाले होते.'

'हाव. देला होता. ते मी विसरलो नाही,' तो म्हणाला. तेव्हा हसत नव्हता. 'त्याचा राग अंगठ्याहून जास्त होता. घरी आलो, खाटेवर पडून राहायचो, तुमचं तोंड आठवून शिव्या द्यायचो. दोन-तीन वर्षं तसंच चाललं. मग लगीन झालं. बसस्टँडवर सायकलचं दुकान टाकलं. पोरगी झाली. तिच्या मागं मागं घरभर फिरावं लागे या लाकडी पायानं, रागाले वेळच भेटे ना. येताना गाडीत बसून आठवून पाहिला तो, म्हटलं तुमाले पाहिल्यावर तरी येते काय. तर नाही सापडला, बाई.'

धोंडबाने चहा आणला. आम्ही दोघं पायरीवर बसून तो प्यायलो. मग तो मेट्रनना भेटून तक्रार नाही असं सांगायला निघाला. मी म्हटलं, भाऊ, कोणी तक्रार केलेलीच नाही. तर म्हणाला, 'मग ते टीव्हीवाले खोटं काहून दाखवतात?' मी म्हटलं, ते लिहिणारा माझा भाऊच आहे.

तीन दिवस झाले. वॉर्डात चालताना पायाखालची फरशी जाणवते, एवढंच सांगता येईल.

भागीरथा

---

मुंबई, १२ मे १९८६

प्रिय भागूताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऑफिसात वाचायला घेतलं होतं, जिन्यात जाऊन पुरं केलं. तू चिरंजीव लिहिलंस, त्यावरच अर्धा तास गेला.

एक सांगायचं आहे, लपवायचं नाही म्हणून. मारिया गेल्यापासून इथे पत्रांचा पाऊस पडतोय, तिला परत आणा म्हणून. निर्माते मला रोज सांगतात, 'काही रस्ता काढ, त्या जवानालाच परत आण.' तू जे लिहिलंस तो रस्ता माझ्यासमोर आयता आहे आणि मी त्यांना सांगतो, सुचत नाही. तुझं पत्र घरी ट्रंकेत ठेवलं आहे. तू नाही म्हणालीस तर तिथेच राहील, आणि नाही म्हणावंस असंच मलाही वाटतं. मारियाला परत आणायला मी दुसरं काहीतरी शोधीन, किंवा नाही आणणार.

देवरावांना माझा नमस्कार सांग. खोटं दाखवणाऱ्याचा.

मधू

---

नागपूर, १ जून १९८६

प्रिय मधू,

काल काटोलला जाऊन आले. आईलाही नेलं. सीताबर्डीवरून पोरीसाठी फ्रॉकचं कापड घेतलं आणि सकाळची गाडी धरली. गाडीत आईला सगळं सांगितलं. तंबू, शाई, अंगठा, सगळं. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं बाबांची आठवण काढून रडेल. तर म्हणाली, 'एवढंच होय काय वं? मले इतकी वर्षं वाटे का मिलिटरीत तुले कोनी फसवलं, म्हणून तू लगीन केलं नाही.' मी हसत सुटले. कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

देवरावांच्या बायकोचं नाव कांताबाई. वरण-भात, वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, माझं चुकलं होतं. ती म्हणाली, 'चुकलं होतं तर होतं. पण याले विचारत बसल्या असत्या ना तुम्ही, तर यानं आजपर्यंत हो म्हटलं नसतं. दाढ दुखते तर सहा महिने झाले, डॉक्टरकडं जात नाही.' देवराव गाल धरून बसले होते. मी तिथेच त्यांना तोंड उघडायला लावलं. मंगळवारी आमच्याकडे दाढ काढायला येणार आहेत. या वेळी कागदावर सही करणार आहेत, दोनदा विचारून घेतलं.

आणखी एक केलं. गेल्या सोमवारी दुसऱ्या वर्षाचा तास होता. मेट्रनना आधी सांगून परवानगी घेतली, आणि पोरींना सांगितलं की त्या गुरुवारी तुम्ही पाहिलं ती सिस्टर मी. गोपिका खाली मान घालून बसली. मी तिला म्हटलं, तू म्हणालीस ते बरोबरच होतं, मान वर कर. मग तिनेच विचारलं, 'बाई, आज तसंच झालं तर तुम्ही काय कराल?' मी म्हटलं, खोटा शब्द देणार नाही. पहिल्यांदा त्याने हात धरला, तेव्हा तो शुद्धीत होता. तेव्हाच त्याला खरं सांगायला हवं होतं की पाय गेला तरच तू राहशील. कदाचित तो हो म्हणाला असता. मी घाबरले आणि गोड बोलले, पुढचं सगळं त्यातून आलं. पोरींनी ते वहीत लिहून घेतलं. मी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

आता तुझं. ट्रंकेतलं पत्र काढ. आईला माहीत आहे, मेट्रनना माहीत आहे, तीस पोरींना माहीत आहे, काटोलच्या अर्ध्या बसस्टँडला माहीत आहे. आता ती गोष्ट चोरण्यासारखी राहिलेली नाही. लिही. देवरावांना विचारलं, त्यांचीही हरकत नाही. त्यांचं म्हणणं एकच, तुमच्या त्या नटाने लंगडताना खांदा उडवू नये, लाकडी पायाचा माणूस कमरेतून चालतो. पाहिजे तर येऊन पाहून घ्या, म्हणाले.

तर ये. पुढच्या रविवारी ती तिघं आपल्याकडे जेवायला आहेत. आंबे उतरलेत, आईने रसाचं ठरवलं आहे. शनिवारच्या गाडीने निघालास तर जेवायच्या आधी पोचशील.

तुझी,
भागूताई